सीमाभागातील टेलिमेडिसिन सेवेचे नियमपालन : प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. बेळगाव.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचे नियम गेल्या आठवड्यात राजपत्रात प्रसिद्ध झाले. मूळ कायदा ऑगस्ट २०२३ चा, नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ चा, आणि अंतिम नियम आता हाती आले आहेत. आमच्या धर्मादाय रुग्णालयाच्या व्हिडिओ-सल्ला सेवेची जांबोटी परिसर, उचगाव आणि निपाणी अशी तीन केंद्रे आहेत. या तिन्ही केंद्रांवरील कागदपत्रे, संमतीची पद्धत आणि नोंदी नव्या नियमांशी ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे देण्यात आले असून, त्या कामाच्या नोंदी आजपासून येथे ठेवीत आहे.

नियम एकदम लागू होत नाहीत. डेटा संरक्षण मंडळाविषयीची कलमे लगेच, संमती-व्यवस्थापकांच्या (म्हणजे लोकांना आपली संमती देण्या-काढण्याची सोय करून देणाऱ्या संस्थांच्या) नोंदणीची एका वर्षाने आणि आमच्यासारख्या संस्थांवर प्रत्यक्ष बंधन घालणारी कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. बैठकीत काहींचे म्हणणे असे पडले की एवढा अवधी असताना घाई कशाला. मला ते पटले नाही. फॉर्म बदलणे दोन दिवसांचे काम आहे. परंतु आशाताईंपासून डॉक्टरांपर्यंत सर्वांची सवय बदलायला दीड वर्षही थोडेच आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ चे नियम, ज्यांत वैद्यकीय नोंदींना संवेदनशील माहिती मानले आहे, ते मधल्या काळात लागू राहणार आहेत. त्यामुळे आज आपल्यावर कोणतेच बंधन नाही, असे समजणे चुकीचे ठरेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

आज नेमके कोणते नियम चालू आहेत हे एका कागदावर मांडले, कारण याच बाबतीत आमच्याकडे सर्वांत जास्त गोंधळ आहे.

टेलिमेडिसिनचा पाया म्हणजे २५ मार्च २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे होत. ती भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेला पाचवे परिशिष्ट म्हणून जोडण्यात आली. त्याआधी फोनवरून औषध सांगणे कायद्यात बसते की नाही, याचे स्पष्ट उत्तर कोणापाशीच नव्हते. जुलै २०१८ मध्ये कोकणातील, फोनवरून उपचार सांगितल्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हापासून आमच्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी फोनवर ताप-खोकल्याचे औषध सांगणेही बंद केले. त्यांची धास्ती मी समजू शकतो. २०२० च्या तत्त्वांनी पहिल्यांदाच सांगितले की काय करता येते, काय करता येत नाही आणि जबाबदारी कोणाची.

पुढे २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी आचारसंहिता अधिसूचित केली आणि २३ ऑगस्ट रोजी ती स्थगित केली. या तीन आठवड्यांत आम्ही नव्या संहितेनुसार फलक छापून केंद्रांवर लावले होते. उचगावच्या केंद्रावर तो फलक आजही भिंतीवर आहे. त्यावर रुग्णाने मागितलेल्या नोंदी पाच कामकाजी दिवसांत देऊ, असे लिहिले आहे. पण चालू असलेल्या २००२ च्या संहितेत ती मुदत ७२ तासांची आहे. रुग्णाच्या हक्काची मुदत आपल्या भिंतीवर दोन वर्षे चुकीची टांगलेली होती, ही गोष्ट मनाला लागली. फलक आजच उतरवायला सांगितला आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार.

सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर चूक सापडली. तिच्यावर पूर्ण दिवस गेला, पण तो सार्थकी लागला.

मार्गदर्शक तत्त्वांत सल्ल्याचे दोन प्रकार आहेत, पहिला सल्ला आणि फेरसल्ला. त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी रुग्णाला प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत जो सल्ला होतो, तो फेरसल्ला. सहा महिने उलटले किंवा आजार वेगळा असला, तर तो पुन्हा पहिलाच सल्ला ठरतो. यावर औषधांच्या याद्या अवलंबून आहेत. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधे 'ओ' यादीत येतात आणि ती फोन, मेसेज वा व्हिडिओ अशा कोणत्याही मार्गाने झालेल्या सल्ल्यात देता येतात. 'अ' यादीतील औषधे पहिल्या सल्ल्यात द्यायची असतील, तर तो सल्ला व्हिडिओवरच झाला पाहिजे. फेरसल्ल्यात तीच औषधे पुढे चालू ठेवता येतात. 'ब' यादीत चालू उपचारात भर घालणारी औषधे आहेत, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहीला दुसरी गोळी जोडून देणे, आणि ती केवळ फेरसल्ल्यातच लिहिता येतात. औषधविषयक नियमांच्या अनुसूची एक्समधील (कडक नियंत्रणाखालची) आणि अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारी औषधे व्हिडिओवरून लिहिता येत नाहीत.

आमचे सॉफ्टवेअर हे सहा महिने शेवटच्या व्हिडिओ सल्ल्यापासून मोजत होते. म्हणजे एखादा रुग्ण मार्चमध्ये प्रत्यक्ष येऊन गेला आणि मग जुलैत व ऑक्टोबरमध्ये व्हिडिओवर बोलला, तर ऑक्टोबरचा सल्लाही पडद्यावर फेरसल्ला म्हणून हिरव्या रंगात दिसत होता. वास्तविक सप्टेंबरातच मुदत संपलेली होती. डॉक्टर त्या हिरव्या खुणेवर विसंबून औषध वाढवीत होते. मागील सर्व केसपेपर काढून, ज्या रुग्णांना या चुकीमुळे 'ब' यादीतील औषध मुदतीबाहेर लिहिले गेले, त्यांना बोलावून प्रत्यक्ष तपासायचे असे ठरले. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी दुरुस्तीला पंधरा दिवस मागितले आहेत. तोवर सिस्टर प्रत्येक केसपेपरवर प्रत्यक्ष तपासणीची शेवटची तारीख लाल शाईने लिहितील.

३ डिसेंबर, बुधवार. जांबोटी परिसर.

सकाळच्या बसने गेलो. केंद्र म्हणजे एका घराची बाहेरची खोली असून तिथे टेबल, टॅबलेट, रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या एवढेच सामान आहे. आमची आरोग्यसेविका रुग्णाला तपासते, माहिती भरते आणि बेळगावच्या डॉक्टरबाईंना जोडून देते.

रुग्णाने स्वतःहून डॉक्टरांना फोन केला, तर त्याची संमती गृहीत धरता येते. पण आरोग्यसेवक, नातेवाईक किंवा स्वतः डॉक्टर यांनी सल्ला सुरू केला, तर स्पष्ट संमती घ्यावी लागते आणि ती नोंदवून ठेवावी लागते. या केंद्रावर प्रत्येक सल्ला सेविकाच सुरू करते, म्हणून प्रत्येक वेळी स्पष्ट संमती हवी. ती कशी घेतली जाते, हे पाहायलाच मी गेलो होतो.

सत्तरीच्या एक आज्जी आल्या होत्या. टॅबलेटवर इंग्रजीत आठ-दहा ओळींचा मजकूर आणि खाली एक चौकोन दिसत होता. सेविकेने "आज्जी, इथं बोट लावा" असे सांगितले. आज्जींनी बोट पुढे केले आणि पुन्हा मागे घेतले. "हे कशाला लिहून घ्यायल्यात? माझं नाव कुणाकुणाला कळतंय ह्याच्यात?" असे त्यांनी विचारले. सेविका म्हणाली, "काही नाही आज्जी, डॉक्टरांसाठी आहे." आज्जींनी बोट टेकवले आणि सल्ला सुरू झाला.

आज्जींनी विचारलेला प्रश्न म्हणजेच नव्या कायद्याचा गाभा आहे. कोणती माहिती घेता, कशासाठी घेता, कोणाला देता आणि होकार परत घ्यायचा झाल्यास कसा घ्यायचा, हे सोप्या भाषेत आणि इतर मजकुरात न मिसळता सांगितले पाहिजे, असे नियम म्हणतात. ते न सांगता घेतलेले बोट म्हणजे संमती नव्हे. सेविकेला मी दोष देत नाही; तिच्या हातात आम्हीच तो इंग्रजी मजकूर दिला होता.

आणखी एक गोष्ट आढळली. टॅबलेटवरील अ‍ॅप फोनमधील संपर्क-यादी वापरण्याची परवानगी मागत होते आणि ती दिलेलीही होती. २०२३ च्या कायद्यात, संमती आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते हे समजावण्यासाठी दिलेले उदाहरण नेमके टेलिमेडिसिन अ‍ॅपचे आणि संपर्क-यादीचेच आहे. परवानगी तिथेच काढून टाकली.

४ डिसेंबर, गुरुवार.

कालचाच पुढचा भाग. सेविकेकडे दोनशे पानांची वही आहे. तीत नाव, वय, गाव, रक्तदाब, साखर आणि औषध अशी माहिती सुरेख अक्षरात लिहिलेली असते. ही वही कपाटात आहे तोवर नवा कायदा तिला लागू होत नाही, कारण तो डिजिटल माहितीपुरता किंवा कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीपुरता आहे. मात्र रोज संध्याकाळी सेविका त्या पानाचा फोटो काढून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकते. फोटो निघताक्षणी एका पानावरील बारा-पंधरा माणसांचे आजार कायद्याच्या कक्षेत येतात. त्या ग्रुपमध्ये चौतीस जण आहेत आणि त्यांपैकी सहा जणांनी नोकरी सोडूनही वर्ष झाले आहे.

ग्रुप आज बंद केला. आता दिवसाचे आकडे, म्हणजे किती रुग्ण आले आणि किती सल्ले झाले एवढेच, मेसेजने यायचे. नावानिशी माहिती फक्त केसपेपर-प्रणालीत भरायची आणि ती कोणी उघडली याची नोंद किमान एक वर्ष ठेवायची. सुरक्षेत हयगय झाल्यास कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण त्या आकड्याचा धाक दाखवण्यापेक्षा मी सेविकांना एवढेच विचारले की तुमच्या सासूबाईंचा आजार चौतीस जणांच्या फोनवर गेलेला तुम्हाला चालेल काय. सगळ्यांना ते लगेच पटले.

११ डिसेंबर, गुरुवार.

संमतीपत्राचा मसुदा लिहायला घेतला. कायद्यानुसार सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय रुग्णाला द्यावा लागतो. त्या बावीस भाषांत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आहेत. सीमाभागात भाषेचा विषय निघाला की वातावरण तापते, याची मला जाणीव आहे. पण दवाखान्यात हा विषय फार साधा आहे. ज्याला जी भाषा समजते, तीत त्याला सांगायचे. कायद्याने हे रुग्णाच्या हक्कात बसवले, ही मला या सगळ्या बदलांतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

अडचण शब्दांची होती. इंग्रजी मजकुराचे कोणी करून दिलेले मराठी भाषांतर आमच्याकडे होते. त्यात 'प्रक्रियाकरणाचा हेतू', 'माहितीचा न्यासधारी' असे शब्द होते, जे मलाच दोनदा वाचावे लागले. शेवटी कोरा कागद घेतला आणि आज्जींना उत्तर द्यायचे आहे असे मानून लिहिले: "तुमचे नाव, वय, आजार आणि तपासणीचे आकडे आम्ही लिहून घेतो. ते तुम्हाला तपासणारे डॉक्टर आणि ही सिस्टर यांनाच दिसतात. औषध कंपनीला किंवा दुसऱ्या कोणाला आम्ही ते देत नाही. नको वाटले तर कधीही सांगा. तुमचा उपचार त्यामुळे थांबणार नाही." कन्नड मजकूर आमच्या कन्नडभाषक सिस्टरने स्वतंत्रपणे लिहिला, माझ्या मराठीवरून नाही. तो अधिक नेटका झाला आहे. 'ओप्पिगे' हा त्यांचा होकारासाठीचा शब्द आमच्या 'संमती'पेक्षा घरचा आहे. ते पाहून मीही मराठीत 'संमती' काढून 'होकार' लिहिले.

दोन होकार वेगळे ठेवले आहेत. व्हिडिओवर तपासून घेण्याचा होकार २०२० च्या तत्त्वांप्रमाणे आणि माहिती साठवण्याचा होकार २०२३ च्या कायद्याप्रमाणे. आमच्या वकिलांच्या मते, रुग्णाने आपणहून दिलेली माहिती त्याच कामासाठी वापरायला वेगळ्या संमतीची गरज पडू नये, असा आधार कायद्यात आहे. तो असेलही. परंतु आमच्याकडे माहिती रुग्ण देत नाही, सेविका भरते. म्हणून विचारून घेणेच योग्य, असे मी लेखी कळवले आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

चंदगड तालुक्यातील रुग्णांचा प्रश्न. शिनोळीपासून पुढची कितीतरी माणसे उपचाराला बेळगावातच येतात. नाते इकडे, शेत तिकडे, बाजार बेळगावचा, असेच पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कर्नाटकात नोंदणी असलेल्या डॉक्टरांना महाराष्ट्रातील रुग्णाला व्हिडिओवर सल्ला देता येतो काय, असे डॉक्टरबाईंनी विचारले होते.

उत्तर होकारार्थी आहे. राज्याच्या किंवा राष्ट्रीय वैद्यक नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरांना देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णाला टेलिमेडिसिनने सल्ला देता येतो. मात्र चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. याच आधारावर पुण्याहून दर शनिवारी व्हिडिओवर येणारे, मूळचे शहापूरचे, हृदयरोगतज्ज्ञ खानापूरच्या रुग्णांना पाहतात. त्यांच्या चिठ्ठीवर क्रमांकाबरोबर महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे नावही छापायला सांगितले, म्हणजे इथल्या मेडिकलवाल्यांना पडताळणे सोपे जाईल.

खोली भाड्याने घेऊन शिनोळीत चौथे केंद्र उघडण्याचा प्रस्ताव मात्र बाजूला ठेवण्याची शिफारस मी केली. डॉक्टरांची नोंदणी सीमा ओलांडते, आस्थापनेची ओलांडत नाही. आमची केंद्रे कर्नाटकाच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखाली जिल्हा प्राधिकरणाकडे नोंदलेली आहेत. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे आणि त्याची यंत्रणा निराळी आहे. तिकडच्या अधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा मिळेपर्यंत चंदगडच्या रुग्णांनी घरून फोन करावा किंवा उचगावच्या केंद्रावर यावे.

२९ डिसेंबर, सोमवार. निपाणी.

ऊसतोडीचा हंगाम भरात आहे. बीडकडून आलेल्या टोळीतील एक मुकादम केंद्रावर रक्तदाबाच्या गोळ्या मागायला आले. गोळ्या संपून चार दिवस झाले होते आणि जुनी चिठ्ठी त्यांच्या खिशात घडी पडून विरली होती. आमच्या डॉक्टरांसाठी हा पहिला सल्ला ठरतो, त्यामुळे आधीची चिठ्ठी आहे एवढ्यावर गोळ्या पुढे चालू ठेवता येत नव्हत्या. पण गावाकडच्या डॉक्टरांनी त्यांना दसऱ्यानंतर, निघण्यापूर्वी, प्रत्यक्ष तपासले होते. म्हणजे त्यांच्याबाबत हा सहा महिन्यांच्या आतला फेरसल्ला होतो. सिस्टरने रक्तदाब मोजला, मुकादमांनी आपल्या फोनवरून गावच्या डॉक्टरांना तो सांगितला आणि अर्ध्या तासात सही व नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली. मेडिकलवाले अण्णा आधी बिचकले. क्रमांक पडताळून झाल्यावर त्यांनी गोळ्या दिल्या. मुकादमांना कोणत्या दुकानात जायचे, हे आम्ही सुचवले नाही. चिठ्ठी परस्पर दुकानात पाठवायची असेल, तर रुग्णाची स्पष्ट परवानगी लागते आणि दुकान निवडण्याची मोकळीक त्याचीच असते.

६ जानेवारी २०२६, मंगळवार.

सहा महिन्यांच्या मोजणीची दुरुस्ती झाली. तीस केसपेपर काढून पडताळले, मोजणी बरोबर आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी सोबत लक्षणे लिहिली की आपोआप औषध सुचवून रुग्णाला कळवणारी सोय देऊ केली होती. ती नाकारली. कृत्रिम बुद्धिमत्तेने रुग्णाला सल्ला देणे किंवा औषध लिहून देणे २०२० च्या तत्त्वांना मान्य नाही. ती डॉक्टरांना साहाय्य करू शकते, एवढेच.

२० जानेवारी, मंगळवार. जांबोटी परिसर.

पहिला सल्ला चालू असताना व्हिडिओ तुटला आणि नुसता आवाज राहिला. शेतकरी रुग्णाच्या मांडीवर नायटा होता, त्याला क्लोट्रिमाझोल मलम द्यायचे होते. मलम 'अ' यादीत आहे, म्हणजे पहिल्या सल्ल्याला व्हिडिओ हवाच. सेविका म्हणाली की फोटो पाठवते. फोटोवरून डॉक्टरबाईंना निदान कळले असते, हे त्यांनीही कबूल केले. पण मलम लिहिले नाही. त्यांनी रुग्ण, सेविका आणि मी अशा तिघांनाही देवळाच्या कट्ट्याकडे चालायला सांगितले, जिथे रेंज येते. सेविकेने टॅबलेट पदराखाली धरला, कारण कट्ट्यावर चार माणसे बसलेली होती.

नियम पाळला गेला, पण रुग्णाची आडोशाची गरज मोडली. मांडीवरचा नायटा देवळासमोर दाखवायला लावणे ही काही सेवा नव्हे. यावर उपाय आमच्याकडूनच व्हायला हवा. केंद्राच्या छतावर सिग्नल वाढवण्याची अधिकृत सोय करून द्यावी, असे पत्र दूरसंचार सेवा पुरवणाऱ्यांना पाठवले आहे आणि केंद्र त्याच गावातील उंचावरच्या घरात हलवता येते काय, याचीही चौकशी सुरू केली आहे.

३० जानेवारी, शुक्रवार.

पहिली माघार आली. उचगावच्या एका तरुणीने होकार परत घेतला आणि आपली सर्व माहिती पुसण्याची मागणी केली. लग्न ठरत आहे, म्हणाली. मी अधिक विचारले नाही.

संमती मागे घेतली की माहिती पुसावी लागते. अपवाद कायद्याने जेवढी ठेवणे भाग आहे तेवढ्याचा. २००२ च्या आचारसंहितेतील तीन वर्षांचे बंधन शब्दशः आंतररुग्णांच्या नोंदींबाबत आहे. टेलिमेडिसिनचे रुग्ण बाह्यरुग्ण असतात आणि मार्गदर्शक तत्त्वे सल्ल्याची नोंद व चिठ्ठीची प्रत वेळोवेळी ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत ठेवायला सांगतात. आम्ही तिन्ही केंद्रांसाठी तीच तीन वर्षांची मुदत धरली आहे. त्यानुसार तरुणीचा फोन नंबर, फोटो आणि आठवणीचे मेसेज आज पुसले. सल्ल्याची नोंद व चिठ्ठी बंद कप्प्यात ठेवली, जो केवळ दोन व्यक्तींना उघडता येतो. काय पुसले, काय ठेवले, का ठेवले आणि किती दिवस ठेवणार, हे मराठीत लिहून तिच्या हातात दिले. तिने ते शेवटपर्यंत वाचले आणि तारीख वहीत टिपून घेतली.

९ फेब्रुवारी, सोमवार. जांबोटी परिसर.

नवे संमतीपत्र आजपासून वापरात आले. वाचता न येणाऱ्यांसाठी सेविकेच्याच आवाजात दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले असून, ते ऐकवल्यावर रुग्ण तोंडी होकार देतो आणि तो आवाज केसपेपरला जोडला जातो. तत्त्वांमध्ये आवाजी संमतीला मान्यता आहेच.

डिसेंबरातल्या आज्जी फेरसल्ल्याला आल्या होत्या. मुद्रण ऐकताना मध्येच त्यांनी हात वर केला. "ही सिस्टर बदलून दुसरी आली तर?" असे त्यांनी विचारले. आमच्या मजकुरात 'ही सिस्टर' असे आहे. तिच्या जागी येणाऱ्या व्यक्तीचा उल्लेख नाही. आज्जींना सांगितले की नवी सिस्टर आली तर तुम्हाला पुन्हा विचारूनच तिला माहिती दाखवू. त्यांनी होकार दिला. मजकुरात ते वाक्य घालून तिन्ही केंद्रांवर शुक्रवारपर्यंत नवे मुद्रण पाठवायचे आहे. निपाणीचे कन्नड मुद्रण अजून बाकी आहे, ते सिस्टर बुधवारी करतील.